आकाशातला आर्यभट, मातीतला आर्यभट

(प्रतापगड, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया येथील व्याख्यानाचा संपादित पाठ)



महाशिवरात्रीला प्रतापगडावर महादेवाच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ लागते. त्या गर्दीत वाटेतल्या कातळाकडे कुणाचे लक्ष जाण्याचे कारण नाही. पण पूर्व विदर्भातील कोणत्याही डोंगरावरचा उघडा कातळ जरा जवळून न्याहाळला, तर त्यावर राखाडी, पिवळसर, हिरवट रंगाचे पापुद्रे चिकटलेले दिसतात. ते निर्जीव डाग नव्हेत. शास्त्रीय परिभाषेत त्यांना शैवाक म्हणतात. बुरशी आणि शैवाल या दोन भिन्न जीवांनी परस्परांच्या आधाराने मांडलेला तो संसार आहे. आपल्या माता-भगिनी काळ्या मसाल्यात जे दगडफूल घालतात, तेही याच वर्गातले. मे महिन्यात या भागातला पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकतो, कातळ तव्यासारखा तापतो, पाण्याचा थेंबही कुठे उरत नाही. तरी हे पापुद्रे मरत नाहीत. शेजारच्या शेवाळाचेही तसेच. उन्हाळ्यात ते काळे पडते, बोटांनी चुरले तर भुगा होतो. आणि मृगाची पहिली सर पडताच पुन्हा हिरवेगार होते.

इतक्या कणखर जीवाला पृथ्वीच्या बाहेर, निर्वात अंतराळात सोडून दिले तर तो तग धरेल का? हा प्रश्न वरवर कुतूहलाचा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या पोटात त्याहून मोठा प्रश्न दडलेला आहे. जीव अंतराळात टिकत असेल, तर तो एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जाऊ शकेल; आणि तसे असेल, तर पृथ्वीवरचे जीवन पृथ्वीवरच सुरू झाले असे ठामपणे म्हणता येणार नाही. ब्रह्मांड एकच नाही, अनंत आहेत, ही कल्पना ज्या समाजाच्या नित्याच्या स्तुतीत आणि कथा-कीर्तनात रुळलेली आहे, त्या समाजाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. विशेष म्हणजे तो प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहण्याचे एक मोठे काम भारतात, भारतीयांच्या हातून झाले आणि त्याचे नेतृत्व एका मराठी शास्त्रज्ञाने केले. त्या कामाची कथा आणि तिच्यातून मिळणारा बोध हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

अंतराळातील शत्रू

अंतराळ जीवाला मारते ते कशाने, हे आधी समजून घेतले पाहिजे. पहिला शत्रू निर्वात पोकळी. हवेचा दाबच नसल्याने पेशीतले पाणी उडून जाते आणि पेशी वाळून कोळ होते. दुसरा शत्रू तापमान. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वस्तूची उन्हातली बाजू शंभर अंशांच्या वर तापते आणि सावलीतली बाजू उणे शंभर अंशांच्या खाली जाते. तिसरा शत्रू विश्वकिरण आणि सूर्याकडून येणारे वेगवान कण. आणि चौथा, सर्वांत घातक शत्रू म्हणजे सूर्याचे अतिनील किरण. पृथ्वीवर ओझोनचा थर त्यांतील जहाल भाग अडवतो. अंतराळात ते संरक्षण नाही. हे किरण पेशीतल्या डीएनएवर, म्हणजे जीवाच्या मूळ आराखड्यावरच आघात करतात.

या शत्रूंविरुद्ध काही जीवांनी विलक्षण उपाय योजलेले आहेत. काही जीवाणू संकटकाळी बीजाणू तयार करतात. बीजाणू म्हणजे जाड कवचात बंद केलेले, जवळजवळ पाणीविरहित असे जीवाचे बीज. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स नावाचा जीवाणू १९५६ साली अमेरिकेत मांसाच्या डब्यात सापडला. डब्यातले सर्व जंतू मरावेत म्हणून त्यावर किरणांचा मारा केलेला होता. तरी मांस नासले. तुकडे तुकडे झालेला आपला डीएनए हा जीवाणू पुन्हा जुळवून घेतो. तिसरे उदाहरण जलअस्वलाचे, ज्याला शास्त्रज्ञ टार्डिग्रेड म्हणतात. आठ पायांचा हा प्राणी एक मिलिमीटरहूनही लहान असतो आणि ओल्या शेवाळात राहतो. पाणी आटले की तो पाय आत ओढून घेतो, आक्रसून इवलीशी गोळी होतो आणि वर्षानुवर्षे तसाच पडून राहू शकतो. पाणी मिळताच पुन्हा चालू लागतो.

प्रयोग काय सांगतात?

तर्क कितीही सुंदर असला तरी विज्ञानात शेवटचा शब्द प्रयोगाचा असतो. १९८४ साली अमेरिकेने पृथ्वीभोवती सोडलेला एक मोठा उपग्रह जवळजवळ सहा वर्षांनी, १९९० साली, परत आणला. त्यावर जर्मन शास्त्रज्ञांनी बॅसिलस सब्टिलिस या जीवाणूचे बीजाणू ठेवले होते. ज्या बीजाणूंना अतिनील किरणांपासून आडोसा मिळाला होता, त्यांतले पुष्कळसे सहा वर्षांनंतरही जिवंत निघाले. २००५ साली युरोपीय संशोधकांनी शैवाकांच्या दोन जाती एका रशियन यानातून अंतराळात नेऊन सुमारे पंधरा दिवस पूर्णपणे उघड्या ठेवल्या. पृथ्वीवर आणल्यावर त्यांचे जीवनव्यापार पुन्हा सुरू झाले. दगडावरच्या त्या उपेक्षित पापुद्र्याच्या भाईबंदांनी हा पराक्रम केला. सप्टेंबर २००७ मध्ये जलअस्वलांची पाळी आली. निर्वात पोकळीला बहुतेकांनी दाद दिली नाही. मात्र पोकळी आणि संपूर्ण अतिनील किरण एकत्र आले, तेव्हा मोजकीच वाचली.

यापुढचा प्रयोग अधिक बोलका आहे आणि त्याचा अहवाल लिहिणाऱ्यांत पराग वैशंपायन हे नाव अग्रभागी आहे. अमेरिकेत अवकाशयाने जिथे जुळवतात, त्या अतिस्वच्छ दालनातच एक चिवट जीवाणू सापडला होता. त्याचे बीजाणू आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेर दीड वर्ष ठेवण्यात आले. अंधारात ठेवलेल्या बीजाणूंपैकी १० ते ४० टक्के वाचले. उघड्या अतिनील किरणांत मात्र जगणाऱ्यांचे प्रमाण कोटीत एक या पातळीपर्यंत घसरले. २०१२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आडोसा असणे आणि नसणे यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कोणता आकडा सांगणार?

मग हा आडोसा आणायचा कुठून? जपानी शास्त्रज्ञांनी त्याचे एक उत्तर शोधले. २०१५ पासून त्यांनी डायनोकॉकस जीवाणूंचे लहान-मोठ्या जाडीचे गोळे स्थानकाच्या बाहेर ठेवले. तीन वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जाड गोळ्यांत जीवाणू जिवंत होते. बाहेरचा थर किरणांनी जळून मेला होता. पण मरताना त्याने आतल्यांसाठी ढाल उभी केली होती. एकटा सुटा जीवाणू तिथे टिकला नसता. एकत्र राहिलेल्यांतले काही टिकले आणि ते टिकले म्हणून वंश टिकला. निसर्गाचे नियम माणसाच्या उपदेशासाठी निर्माण झालेले नाहीत हे खरे. तरी संघटनेचे महत्त्व जाणणाऱ्याने या गोळ्याकडे पाहून क्षणभर थांबावे, यात काही गैर नाही.

या साऱ्या प्रयोगांतून एक भेद लक्षात ठेवायचा आहे. टिकणे वेगळे आणि जगणे वेगळे. अंतराळाच्या पोकळीत यांतला कोणताही जीव वाढला नाही, त्याला पिल्ले झाली नाहीत, त्याने अन्न घेतले नाही. त्याने आपले सारे व्यवहार थांबवले आणि अनुकूल काळाची वाट पाहिली. पेवात ठेवलेले बियाण्याचे धान जिवंत असते, पण ते शेतात डुलत नसते. अंतराळात जीव राहू शकतो का, या प्रश्नाचे आजचे प्रामाणिक उत्तर असे: आडोसा मिळाला तर काही जीव सुप्तावस्थेत वर्षानुवर्षे टिकतात, तिथे नांदत मात्र नाहीत.

शेरघाटीचा पाहुणा

जीव टिकतो एवढ्याने तो ग्रहांतर करतो हे सिद्ध होत नाही. त्यासाठी वाहन हवे. तेही निसर्गाने दिलेले आहे आणि त्याचा एक प्रसिद्ध पुरावा आपल्याच देशात पडला. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील गयेजवळच्या शेरघाटी येथे आकाशातून एक दगड कोसळला. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले, की तो मंगळावरचा आहे. मंगळावर कधीतरी एखादी उल्का आदळली, तिथले खडक उडाले आणि भटकत भटकत त्यांतला एक भारताच्या मातीत येऊन विसावला. अशा मंगळी दगडांच्या एका मोठ्या गटाला जगभर शेरघाटीच्या नावानेच ओळखतात. अंटार्क्टिकात सापडलेल्या अशाच एका दगडाच्या अभ्यासातून २००० साली असेही दिसले, की मंगळावरून उडण्यापासून पृथ्वीवर पडेपर्यंत त्याचा गाभा चाळीस अंशांच्या वर तापलेला नव्हता. म्हणजे वाहन आहे, आत आडोसाही आहे. अडचण आहे ती काळाची. असे दगड सामान्यतः लक्षावधी वर्षे भटकतात, आणि आपले प्रयोग काही वर्षांचेच आहेत. या दोन संख्यांमधली दरी अजून बुजलेली नाही.

हैदराबादचा फुगा

जीवाची बीजे विश्वात विखुरलेली असावीत आणि धूमकेतूंसारख्या वाहनांतून ती पृथ्वीवर आली असावीत, हा विचार विसाव्या शतकात ज्यांनी हिरिरीने मांडला, त्यांत इंग्लंडचे फ्रेड हॉयल आणि मूळचे श्रीलंकेचे चंद्रा विक्रमसिंघे ही दोन नावे प्रमुख आहेत. याच हॉयल यांचे केंब्रिजमधील शिष्य आणि सहकारी म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मलेले, पुण्याच्या आयुकाचे संस्थापक-संचालक, मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून देणारे नारळीकर महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

गुरूचा विचार शिष्याला आकर्षक वाटणे स्वाभाविक होते. पण नारळीकरांनी त्याचा नुसता प्रचार केला नाही. वरून जीवाणू येत असतील, तर वरच्या हवेत ते सापडायला हवेत, आणि सापडतात का ते पाहिले पाहिजे, असा सरळ मार्ग त्यांनी धरला. २१ जानेवारी २००१ रोजी हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडण्यात आला. स्थितांबरातील हवेचे नमुने त्याने खाली आणले आणि त्यांत सूक्ष्मजीवांच्या खुणा मिळाल्या. काही नमुने ब्रिटनमध्येही तपासले गेले आणि हे जीव अंतराळातूनच येत असल्याचे विक्रमसिंघे आदींनी मांडले.

इथेच आक्षेप सुरू झाले, आणि ते निराधार नव्हते. जीवाणू सर्वत्र असतात. नळीत, हातमोज्यात, प्रयोगशाळेच्या हवेत, श्वासात. अमेरिकेचा अनुभव सर्वांसमोर होता. चंद्रावर अडीच वर्षे पडून असलेला सर्व्हेअर-३ यानाचा कॅमेरा अपोलो-१२ च्या वीरांनी नोव्हेंबर १९६९ मध्ये परत आणला, तेव्हा त्यात एक जिवंत जीवाणू मिळाला. माणसाच्या घशात आढळणारा जीवाणू चंद्रावर तगला, म्हणून तेव्हा गाजावाजा झाला. पुढे शंका निघाली, की तो चंद्रावरून आलाच नसावा. कॅमेरा उघडून तपासताना पृथ्वीवरच त्यात शिरला असावा. एका ढिल्या हातमोज्याने सारा पुरावा डागाळू शकतो.

पहिल्या प्रयोगाचे फळ अनुकूल होते. तिथेच थांबून विजयाची पत्रके काढता आली असती. भारतीय चमूने तसे केले नाही. पार्थिव मिसळीची शंका राहू नये म्हणून अधिक कडक दक्षता घेऊन तोच प्रयोग पुन्हा करायचे ठरले. इस्रोने तो २००५ साली केला. नारळीकर प्रमुख अन्वेषक होते. इस्रोचे ज्येष्ठ वैज्ञानिक डॉ. उडुपी रामचंद्र राव आणि जीवशास्त्रज्ञ डॉ. पुष्प मित्र भार्गव मार्गदर्शक होते. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे डॉ. शिवाजी आणि पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राचे डॉ. योगेश शौचे यांच्याकडे जीवशास्त्रीय तपासणी होती. फुगा टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून उडाला.

त्याचे आकारमान होते २ कोटी ६७ लाख घनफूट. त्याखाली ४५९ किलोचे उपकरण होते आणि त्यात ३८ किलो द्रवरूप निऑन. उपकरणात पोलादाच्या सोळा नळ्या होत्या. आतून निर्वात केलेल्या, निर्जंतुक केलेल्या आणि बंद. निऑन द्रवरूपात राहतो तो उणे २४६ अंशांच्या आसपास. ठरलेल्या उंचीवर जमिनीवरून आज्ञा जाताच नळीची झडप उघडे, बाहेरची विरळ हवा आत खेचली जाई आणि त्या भीषण थंडीने तिथेच गोठे. मग झडप बंद होई. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरचे नमुने असे जमा झाले. एकेचाळीस किलोमीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या चारशेव्या भागाच्या आसपास असतो आणि ओझोनचा बहुतांश थर खाली राहिलेला असतो. अर्थात ते अंतराळ नव्हे. अंतराळाची सीमा साधारणपणे शंभर किलोमीटरवर धरतात. पण अंतराळाच्या अंगणाची पायरी असे त्याला म्हणता येईल.

उपकरण हवाई छत्रीने सुखरूप खाली आले. नमुने हैदराबाद आणि पुणे येथील दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे, पण एकाच कार्यपद्धतीने तपासले गेले. निष्कर्षासाठी घाई झाली नाही. मार्च २००९ मध्ये इस्रोने तो जाहीर केला. जीवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती मिळाल्या होत्या. त्यांतील तीन जीवाणू तोवर विज्ञानाला ठाऊक नसलेल्या नव्या जातींचे होते आणि आपल्या जवळच्या नातलगांपेक्षा तिघेही अतिनील किरणांना अधिक दाद न देणारे होते. त्यांचे बारसे झाले. एकाला हॉयल यांच्या स्मरणार्थ जॅनिबॅक्टर हॉयली, दुसऱ्याला इस्रोवरून बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि तिसऱ्याला इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटीय रचणाऱ्या आपल्या महान ज्योतिर्विदाच्या नावाने बॅसिलस आर्यभट्टाई अशी नावे मिळाली. १९७५ साली भारताच्या पहिल्या उपग्रहाला ज्याचे नाव दिले, त्याच आर्यभटाचे नाव आता एका जीवाणूच्या रूपाने जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात नोंदले गेले.

इस्रोने त्याच वेळी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. हे जीवाणू स्थितांबरातच मिळाले, असा विश्वास घेतलेल्या दक्षतेमुळे वाटतो. मात्र ते पृथ्वीबाहेरून आले हे या अभ्यासाने निर्णायकपणे सिद्ध होत नाही. पुढील संशोधनाला त्यातून प्रोत्साहन मिळते, एवढेच.

मातीतला आर्यभट

या एका वाक्याचे मोल पुढच्या काळात कळले. आकाशात सापडलेला आर्यभट जीवाणू हळूहळू जमिनीवरही सापडू लागला. वनस्पतींच्या मुळांभोवतीच्या मातीत त्याचे भाऊबंद आढळले. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संचालनालयातील शास्त्रज्ञांनी मध्य भारतातील काळ्या मातीत त्याचे वाण वापरून पाहिले आणि २०१४ साली प्रसिद्ध केले, की मातीत अडकलेले जस्त हा जीवाणू मोकळे करतो आणि सोयाबीन व गहू या पिकांना त्याचा लाभ होतो. वर्गीकरणही बदलले. आज त्याला प्रिस्टिया आर्यभट्टाई या नावाने ओळखतात.

याचा अर्थ काय? तो आकाशातून आला असण्यापेक्षा जमिनीवरून वर गेला असण्याचा संभव अधिक बलवान झाला. वादळे आणि ज्वालामुखी धूळ फार उंचावर नेतात, तिच्याबरोबर तोही गेला असेल. २००९ साली जर भारताने जगासमोर छातीठोकपणे सांगितले असते, की परग्रहावरचा जीव आम्ही पकडला, तर इंदूरच्या शेतातील मातीने आपल्याला तोंडघशी पाडले असते. तसे झाले नाही, कारण नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती जेवढे होते तेवढेच सांगितले. एक तीळही अधिक नाही. गुरूच्या सिद्धान्ताला पुरावा मिळावा अशी इच्छा असणाऱ्या शिष्याने तो मिळालेला नाही हे मान्य करणे, ही सामान्य गोष्ट नव्हे. आणि त्याने प्रयोगाची किंमत उणावत नाही. एवढ्या उंचीवर जिवंत जीवाणू असतात, ते किरणांना तोंड देतात, त्यांत नव्या जाती मिळतात, हे ज्ञान पक्के आहे आणि ते भारताने दिलेले आहे.

अभिमान कशाचा?

विज्ञान आणि राष्ट्राभिमान यांची सांगड घालताना आपल्या समाजात दोन प्रकारचे दोष दिसतात. पहिला दोष आत्मविस्मृतीचा. भारतीयांकडून मूलभूत संशोधन काय होणार, असे म्हणणारा वर्ग आजही आहे. हैदराबादच्या फुग्याचे त्याला नावही ठाऊक नसते. तेच काम परदेशात झाले असते तर त्याने ते पाठ केले असते. दुसरा दोष उतावीळपणाचा. परदेशात काही शोध लागला, की तो आपल्या ग्रंथांत आधीच होता असे सांगून मोकळे व्हायचे. पहिला दोष पूर्वजांना विसरतो. दुसरा पूर्वजांचे नाव घेतो, पण त्यांचे काम पुढे नेत नाही.

आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे सांगितले, तेव्हा प्रचलित समजुतीहून ते वेगळे होते. पुढे ब्रह्मगुप्तासारख्या थोर गणितज्ञाने त्यावर कठोर टीका केली. त्या टीकेमुळे आर्यभट लहान झाला नाही आणि ब्रह्मगुप्त परंपराद्रोही ठरला नाही. प्रत्यक्ष, अनुमान, प्रमाण, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष हे शब्द आपल्याच दर्शनांनी घडवलेले आहेत. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण मांडायचे आणि मगच आपले मत सांगायचे, ही शिस्त आपल्याला बाहेरून शिकायची नाही. २००१ चा प्रयोग अनुकूल असतानाही आक्षेप ध्यानात घेऊन तो पुन्हा करणे, ही त्याच पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची आधुनिक प्रयोगशाळेतील आवृत्ती होय. परंपरा प्रश्न विचारण्याचे धाडस देते. उत्तर मात्र प्रत्येक पिढीला स्वतःच्या श्रमाने मिळवावे लागते.

पुढचे कर्तव्य

हे सारे इतिहासजमा झालेले नाही. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर भारतीय जलअस्वलेही गेली. ही जात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अभ्यासलेली आहे. अतिनील किरण पडले, की ती निळसर प्रकाशाने चमकते. घातक किरण शोषून त्याचे निरुपद्रवी प्रकाशात रूपांतर करते आणि स्वतःला वाचवते, हे तिथल्या संशोधकांनी २०२० साली दाखवले होते. त्याच मोहिमेत धारवाडच्या शास्त्रज्ञांनी मूग आणि मेथी यांना अंतराळात मोड आणण्याचा प्रयोग केला. ज्या राष्ट्राला आपले अंतराळवीर दीर्घकाळ वर ठेवायचे आहेत, त्याला जीव तिथे कसा तगतो हे जाणून घेणे भागच आहे.

याला जबाबदारीचीही एक बाजू आहे. चिवट जीव टिकतात, याचा अर्थ आपल्या यानांबरोबर पृथ्वीवरचे जीवाणू दुसऱ्या ग्रहावर पोहोचू शकतात. ते तिथे पसरले, तर मंगळाचे मूळचे जीवन होते की नव्हते हे कधीच कळणार नाही. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ कराराने असे प्रदूषण टाळण्याचे बंधन घातले आहे आणि भारतानेही तो करार स्वीकारलेला आहे. एप्रिल २०१९ मध्ये एक इस्रायली यान चंद्रावर कोसळले. त्यात सुप्तावस्थेतील हजारो जलअस्वले होती. ती तिथे वावरणार नाहीत हे खरे, पण दुसऱ्याच्या अंगणात असे बेफिकीरपणे काही सांडू नये. आपल्या चांद्रयान-४ मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. चंद्रावरचे नमुने परत आणण्याची ती योजना आहे. त्या वेळी सर्व्हेअरच्या कॅमेऱ्याचा धडा आणि हैदराबादच्या सोळा नळ्यांची शिस्त दोन्ही उपयोगी पडतील.

शेवटची गोष्ट या परिसरातील तरुणांसाठी. असे संशोधन पुण्या-बंगळुरातच होते असे समजण्याचे कारण नाही. विदर्भातच बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. अवकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने तयार झालेल्या त्या विवराचे पाणी इतके खारे आणि क्षारधर्मी आहे, की सामान्य मासा तिथे जगत नाही. पण सूक्ष्मजीव जगतात. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने मीठप्रिय सूक्ष्मजीवांना त्याचे कारण ठरवले. गोंदिया आणि भंडारा हे तर तलावांचे जिल्हे. कोहळी समाजाने पिढ्यान्पिढ्या बांधलेले तलाव, नवेगावबांध, गावोगावच्या बोड्या हे उन्हाळ्यात आटतात किंवा आकसतात आणि पावसाळ्यात पुन्हा भरतात. भेगाळलेल्या त्या चिखलात, कातळावरच्या त्या शेवाळात कोणते जीव पाण्याविना वाट पाहत पडून असतात, याची पूर्ण यादी कुणी केलेली नाही. त्यासाठी फुगा लागत नाही, द्रवरूप निऑन लागत नाही. शाळेतला एक साधा सूक्ष्मदर्शक, ओल्या शेवाळाचे चिमूटभर पाणी आणि चिकाटी एवढ्यावर जलअस्वल पाहता येते. नवी जात सापडली तर तिला नाव देण्याचा मान शोधणाऱ्याचा असतो. आर्यभटाचे नाव हैदराबादेत दिले गेले. उद्या या झाडीपट्टीतील एखाद्या मुलीने किंवा मुलाने दिलेले नाव जगाने लिहून घ्यावे, असे काम इथे वाट पाहत आहे.

मात्र त्या दिवशीही वहीत लिहायचे ते जेवढे दिसले तेवढेच. भारतमातेची सेवा म्हणून विज्ञान करायचे असेल, तर पहिला नेम हाच आहे.

भारत माता की जय.